शिकणाराही दमतो, शिकवणाराही

‘पीएचसीत काय काम असतं? सर्दी-खोकल्याच्या गोळ्या द्यायच्या आणि दुपारी मोकळं व्हायचं!’ शहरात सर्रास ऐकू येणारा हा समज सरकारी निकषांसमोरही टिकत नाही. एक प्राथमिक आरोग्य केंद्र (पीएचसी) सपाट प्रदेशात 30,000 आणि डोंगरी-आदिवासी भागात 20,000 लोकांसाठी असतं. तिथल्या मेडिकल ऑफिसरकडे ओपीडी, अवेळी येणारी बाळंतपणं, लसीकरण, क्षयरोग, उपकेंद्रांची देखरेख, आशा कार्यकर्त्यांच्या बैठका आणि पोर्टलवर भरायची न संपणारी माहिती; बऱ्याच ठिकाणी शवविच्छेदनही त्यांच्याच गळ्यात. शिवाय इंटर्न आले की त्यांना शिकवायचं.

अशा ओझ्याने येणारं बर्नआउट, म्हणजे कामाने पार थकून जाणं, हे कॉर्पोरेट मंडळींचे चोचले, असंही म्हटलं जातं. प्रत्यक्षात हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने 1974 मध्ये त्यावर लिहिलं ते न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात राबणारे लोक पाहून. वस्तीतला दवाखाना हे बर्नआउटचं माहेरच म्हणायचं! पुढे ख्रिस्तिना मास्लाक यांनी त्याच्या तीन खुणा मांडल्या. मन रितं होतं, समोरचा रुग्ण माणूस न वाटता ‘केस’ वाटू लागतो आणि आपल्या हातून काही चांगलं घडतंय यावरचा विश्वास उडतो.

मग हा मनाचा कमकुवतपणा का? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 मध्ये मंजूर झालेल्या रोगांच्या वर्गीकरणात बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळ न आवरलेला ताण हे त्याचं मूळ सांगितलं आहे. नैराश्य मात्र आजार आहे. ‘ड्युटी जास्त झाली’ म्हणत ते झाकू नये. 14416 या टेली-मानस मदतवाहिनीच्या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं.

सगळ्यात चिवट गैरसमज असा, की नवी पोरं नाजूक असतात आणि सिनियर तावूनसुलाखून निघालेले असतात. ब्रिटनची जनरल मेडिकल कौन्सिल आपल्या वार्षिक पाहणीत प्रशिक्षणार्थी डॉक्टर आणि त्यांचे प्रशिक्षक, दोघांनाही बर्नआउटबद्दल विचारते. 2023 मध्ये सर्व शाखा मिळून सुमारे दोन तृतीयांश प्रशिक्षणार्थींना मध्यम किंवा जास्त धोका दिसला. प्रशिक्षकांतही हे प्रमाण निम्म्याहून अधिक होतं.

हे दोन आकडे एकमेकांत गुंतलेले आहेत. आपल्या पीएचसीतच बघा: पन्नास रुग्ण रांगेत असताना मेडिकल ऑफिसर साहेबांना शंका विचारायची कशी, म्हणून इंटर्न गप्प बसतो. चूक झाली की निस्तरायचं काम साहेबांवर, त्यांचा आवाज चढतो आणि पुढची शंका इंटर्न गिळून टाकतो. यात दोघांचाही स्वभाव वाईट असावा लागत नाही.

उपाय म्हणून योगशिबिर भरवलं जातं. योग चांगलाच, पण त्या दिवसाची ओपीडी कोण पाहणार, हे कुणी ठरवत नाही. डॉक्टरांच्या बर्नआउटवरील उपायांचा 2017 चा एक मोठा आढावा सांगतो, की व्यक्तीला ताण सोसायला शिकवण्यापेक्षा कामाची मांडणी बदलण्याचा परिणाम जास्त होतो. उदाहरणार्थ, ब्रिटनमध्ये जनरल प्रॅक्टिस शिकणाऱ्याला सुरुवातीला एकेका रुग्णासाठी जास्त वेळ मिळतो, सराव वाढला की तो कमी होतो.

आपल्याकडे सामाजिक वैद्यकशास्त्रात इंटर्नचे 12 आठवडे जातात. पीएचसीत इंटर्न पाठवताना निदान शिकवण्याचा तास मेडिकल ऑफिसरच्या कामात धरा, आणि त्या तासात त्यांना बैठकीला बोलावू नका.