‘टू प्लस’ म्हणजे ‘नाही’ नव्हे



मागच्या वर्षी आमच्या गटातल्या एका ताईंना स्तनाचा कॅन्सर निघाला. गाठीच्या रिपोर्टवर ‘हर-टू : २+’ असं लिहिलं होतं. “दोनच प्लस, म्हणजे थोडंसंच असेल,” असं म्हणून फाईल कपाटात गेली. मलाही तेव्हा तसंच वाटलं. त्यात महिना वाया गेला. म्हणून आज हा आकडा समजून घेऊ.

आपल्या पेशीत हर-टू जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. हे जनुक पेशीला वाढायला लावणारं प्रथिन बनवतं. स्तनाचा कॅन्सर झालेल्या शंभरातल्या साधारण १५ ते २० जणींच्या गाठीत या जनुकाच्या झेरॉक्स निघत राहतात. दोनाच्या जागी दहा-वीस प्रती होतात, प्रथिन वाढतं आणि गाठ भराभर वाढते.

पहिल्या तपासणीत रंग लावून प्रथिन बघतात. ० किंवा १+ आलं तर जनुक वाढलेलं धरत नाहीत. ३+ आलं तर धरतात. २+ म्हणजे अजून नक्की कळलं नाही. तेव्हा ‘फिश’ तपासणी करून प्रती मोजतात.

निदान २० पेशी घेतात. त्यात जनुकाचे ठिपके लाल दिसतात आणि ते ज्यावर बसतं त्या १७ नंबरच्या गुणसूत्राचे हिरवे. समजा लाल १२० आणि हिरवे ४० आले. भागाकार ३, आणि दर पेशीत सरासरी ६ लाल. भागाकार २ किंवा जास्त आणि सरासरी ४ किंवा जास्त असेल, तर जनुक वाढलेलं आहे. पण लाल ६० आणि हिरवेही ६० असतील तर भागाकार १ येतो. म्हणजे गुणसूत्रंच जास्त आहेत, जनुक वेगळं वाढलेलं नाही. गटाची नुसती जमा बघून चालत नाही, सभासद किती तेही बघावं लागतं, तसंच हे.

प्रती जास्त असल्या की आजार लवकर उलटतो, हे १९८७ साली डॉ. डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. त्या प्रथिनाला अडवणाऱ्या ट्रॅस्टुझुमॅब इंजेक्शनला १९९८ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. २०१४ पासून भारतात बनलेलं, त्याहून स्वस्त इंजेक्शनही मिळतं. त्याचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून मधूनमधून टूडी इको करतात.

आमच्या ताईंची फिश झाली, भागाकार २ च्या वर आला आणि इंजेक्शनं सुरू झाली. गाठीचा ब्लॉक लॅबमध्ये जपून ठेवलेला असतो. बहुतेक वेळा त्यावरच ही तपासणी होते, पुन्हा सुई टोचावी लागत नाही.

तेव्हा बायांनो, रिपोर्टवर २+ दिसलं तर डॉक्टरांना एवढंच विचारा : “फिश करायची राहिली आहे का?”