आकाशाची जागल

आकाशगंगेचा मध्य धनू राशीत, मूळ नक्षत्राच्या शेजारी आहे. आमली-सिल्वासातून पाहिले तर तो दक्षिणेला क्षितिजापासून फार तर ४१ अंश वर चढतो. ज्येष्ठाची पौर्णिमा ज्येष्ठा-मूळ नक्षत्रांजवळ होते आणि आषाढाची पूर्वाषाढा-उत्तराषाढांजवळ. म्हणजे या दोन महिन्यांत आकाशाचा हा भाग सूर्याच्या समोर असतो आणि रात्रभर दिसायला हवा. पण तेव्हा दमणगंगेच्या खोऱ्यावर पावसाचे ढग दाटलेले असतात. दूरच्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह हुडकण्याची एक पद्धत मुख्यतः याच भागावर नजर ठेवते, आणि तिचा ऐन हंगाम हेच महिने असतात. तिचे नाव गुरुत्वीय सूक्ष्मभिंग. तिच्यावर एक जुना आक्षेप आहे: जे एकदाच घडते आणि पुन्हा कधीच दिसत नाही, त्याला पुरावा कसे म्हणायचे? माझे म्हणणे असे की ‘पुन्हा दाखवा’ हा आग्रहच ग्रहशोधाच्या इतर पद्धतींना थंड, दूरच्या ग्रहांबाबत आंधळे करतो, आणि सूक्ष्मभिंगाने त्या आग्रहाऐवजी विश्वासार्हतेची वेगळी व्यवस्था उभी केली आहे.

मूळ कल्पना सोपी आहे. एखादा जवळचा तारा दूरच्या ताऱ्याच्या जवळजवळ अचूक समोरून सरकला, की त्याच्या गुरुत्वाकर्षणाने मागच्या ताऱ्याचा प्रकाश वळतो आणि तो काही आठवडे उजळत जाऊन तितक्याच संथपणे मंदावतो. पुढच्या ताऱ्याला ग्रह असेल, तर त्या गुळगुळीत चढउतारावर एक छोटा उंचवटा किंवा खळगा उमटतो. ग्रहाचा प्रकाश लागत नाही, त्याच्या ताऱ्याचाही नाही. लागते ते फक्त वस्तुमान. आइन्स्टाइनने १९३६ मध्ये हे गणित मांडले, पण असे काही प्रत्यक्ष पाहायला मिळण्याची आशा नाही, असेही लिहून ठेवले. १९८६ मध्ये खगोलशास्त्रज्ञ बोहदान पाचिन्स्की यांनी ती आशा पुन्हा जागवली आणि १९९१ मध्ये शूड माओ यांच्यासह याच मार्गाने ग्रहही सापडतील असे दाखवले. १९९३ मध्ये ताऱ्यांच्या अशा पहिल्या घटना नोंदल्या गेल्या.

अडचण संख्येची आहे. आकाशगंगेच्या मधल्या फुगवट्याकडे पाहिले तर कोणत्याही क्षणी दहा लाखांत साधारण एक तारा असा उजळलेला असतो, म्हणून रोज कोट्यवधी तारे मोजावे लागतात. ताऱ्याची घटना काही आठवडे चालते, गुरूएवढ्या ग्रहाची खूण एखादा दिवस आणि पृथ्वीएवढ्याची काही तास. ती चुकली की कायमची चुकली. हे काम पिकाच्या जागलीसारखे आहे: जनावर कधी येईल ते ठरलेले नसते आणि एक माणूस सगळी रात्र पुरत नाही. म्हणून इथले खरे यंत्र एखादी दुर्बीण नसून पाळ्यांची साखळी आहे. चिलीतल्या लास कंपानास इथे वॉर्सा विद्यापीठाची १.३ मीटरची दुर्बीण ‘ओगल’ प्रकल्प चालवतो. तिथून आकाशगंगेचा मध्य थेट डोक्यावरून जातो. न्यूझीलंडमध्ये ‘मोआ’ची १.८ मीटरची दुर्बीण आहे. दक्षिण कोरियाने चिली, दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात १.६ मीटरच्या तीन सारख्या दुर्बिणी बसवल्या. एकीकडे उजाडायच्या आत दुसरीकडे अंधार पडलेला असतो.

२००५ च्या जुलैत ओगलने एका घटनेची पूर्वसूचना दिली. ३१ जुलैला तो तारा सुमारे तिप्पट उजळून उतरणीला लागला. सरळ, साधी घटना. १० ऑगस्टला चिलीतल्या ला सिया इथल्या डॅनिश दुर्बिणीला उतरत्या रेषेवर एक छोटा चढ दिसला आणि मग ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या ०.६ मीटरच्या लहानशा दुर्बिणीने त्या चढाची उतरण टिपली. ओगल आणि मोआच्या नोंदी त्याच रेषेवर बसल्या. सुमारे दिवसभराच्या त्या उंचवट्यातून पृथ्वीच्या साडेपाच पट वस्तुमानाचा ग्रह निघाला: वीस हजार प्रकाशवर्षांहून दूर, सूर्याच्या पाचव्या हिश्श्याएवढ्या ताऱ्यापासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या अडीच पटीवर. जानेवारी २००६ मध्ये तो जाहीर झाला. आक्षेपाचे पहिले उत्तर या नोंदींत आहे. प्रयोग पुन्हा झाला नाही हे खरे, पण वेगवेगळ्या खंडांवरच्या, वेगवेगळ्या उपकरणांच्या, वेगवेगळ्या माणसांनी केलेल्या मोजण्या उजेडाच्या चढउताराच्या एकाच वक्रावर जुळल्या. एकाच दुर्बिणीने तीच चूक तीनदा करण्यापेक्षा हा पुरावा भक्कम आहे.

दुसरे उत्तर अधिक मूलगामी आहे. ताऱ्यासमोरून ग्रह जाताना पडणारी सावली मोजणाऱ्या पद्धतीला ती सावली ठरावीक काळाने परत यावी लागते. गुरूची फेरी १२ वर्षांची, शनीची २९ वर्षांची. आपल्यासारखी सूर्यमाला दूरवरून शोधणाऱ्याला हे दोघे त्या पद्धतीने जवळपास दिसणारच नाहीत. म्हणूनच २०२५ पर्यंत माहीत झालेल्या सहा हजारांहून अधिक ग्रहांत ताऱ्याला चिकटून फिरणाऱ्यांची इतकी गर्दी आहे. सूक्ष्मभिंगाचे ग्रह त्यांत मूठभर, पण बर्फ टिकेल अशा गार पट्ट्यातले. सहा वर्षांच्या अशाच नोंदींवरून २०१२ मध्ये निष्कर्ष निघाला की आकाशगंगेत सरासरी प्रत्येक ताऱ्यामागे किमान एक ग्रह आहे. २०२० मध्ये जाहीर झालेल्या एका घटनेचा कालावधी अवघा ४२ मिनिटांचा होता. तिथे आसपास कुठल्या ताऱ्याची खूणच मिळाली नाही, म्हणजे तो बहुधा एकटाच भटकणारा ग्रह असावा. अशा ग्रहाचे वातावरण कधी तपासता येणार नाही, मग शोधायचा कशाला, असे विचारले जाते. शिरगणतीत प्रत्येकाची मुलाखत घेतली जात नाही, तरीही त्या गणतीवाचून वस्तीबद्दल काही बोलता येत नाही.

अडचणी मात्र खऱ्या आहेत आणि त्या झाकून चालणार नाही. वक्रातून ग्रह आणि तारा यांच्या वस्तुमानांचे गुणोत्तर नेमके मिळते, प्रत्यक्ष वस्तुमान सहज मिळत नाही. ग्रह ताऱ्याच्या जवळ धरला किंवा दूर धरला तरी कधीकधी वक्र सारखाच येतो. मागचा तारा जोडतारा असेल तर तोही ग्रहाचा आभास निर्माण करतो. यावर मोठा इलाज म्हणजे वाट पाहणे. २००५ च्याच दुसऱ्या एका घटनेतले दोन तारे एकमेकांपासून पुरेसे सरकल्यावर हबल आणि केक दुर्बिणींनी ते वेगळे पाहिले, आणि २०१५ मध्ये युरेनसएवढ्या त्या ग्रहाचे गणित पक्के झाले. दहा वर्षांनी का होईना, पडताळा मिळाला.

आपल्याकडची अडचण ढगांची आहे. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियातल्या कोरियन दुर्बिणींमध्ये १२८ रेखांशांचे अंतर आहे आणि भारत बरोबर त्यामध्ये बसतो. दक्षिणेतल्या हिवाळ्याच्या रात्री लांब असल्याने एरवी हे अंतर भरून निघते. पण एका ठिकाणी आभाळ भरले की साखळीत भोक पडते. ते बुजवायला आपण सोयीच्या जागी आहोत आणि नेमक्या त्याच दिवसांत आपले आकाश बंद असते. पावसाच्या ढगांपासून बरेचसे सुटलेले ठिकाण म्हणजे लडाखमधले हानले, पण तिथून आकाशगंगेचा मध्य जेमतेम २८ अंश वर येतो. इथल्या खगोलविदांनी म्हणूनच शहाणपणाने दुसरीकडे पाहिले. १९९८ ते २००२ या काळात नैनितालच्या १.०४ मीटर दुर्बिणीतून, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डी. नरसिंह यांच्या सहभागाने, देवयानी दीर्घिकेत सूक्ष्मभिंगाच्या घटना शोधल्या गेल्या. देवयानी पावसाळा सरल्यावर वर येते आणि आपल्याकडून जवळजवळ डोक्यावर दिसते. शोध ग्रहांचा नव्हता, अदृश्य द्रव्याचा होता. हाती एकच संभाव्य घटना लागली. ते यश लहान होते, पण जे आकाश आपल्याला मिळाले आहे त्यावर काम करण्याची ती पद्धत योग्य होती, असे माझे ठाम मत आहे.

दुर्बिणीपाशी बसणे हा या कामाचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा गणिताचा, आणि त्याला ढगांची आडकाठी नाही. ओगल आपल्या पूर्वसूचना आणि चालू घटनांचे वक्र सर्वांसाठी खुले ठेवते. नासाची २.४ मीटरची रोमन अवकाश दुर्बीण आकाशगंगेच्या मधल्या फुगवट्यावर दर काही मिनिटांनी नजर टाकणार आहे. तिच्याकडून सूक्ष्मभिंगाच्या हजाराहून अधिक ग्रहांची अपेक्षा आहे आणि तिची निरीक्षणे कोणत्याही राखीव मुदतीशिवाय खुली होणार आहेत. सिल्वासातल्या महाविद्यालयांत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांना म्हणूनच विनंती आहे: येत्या आषाढात दोन-चार विद्यार्थ्यांना एक खरा प्रकाशवक्र द्या आणि त्यातला ग्रह त्यांना स्वतः मोजू द्या.