एव्हरेस्टच्या पायथ्याशी जाताय?
नेपाळात एव्हरेस्टच्या पायथ्यापर्यंत वाटाड्याबरोबर चालत जायचं ठरलंय ना? मग दोन-तीन महिने आधीपासून पाठीवर ओझं घेऊन जिने चढा. बूट घरीच वापरून पायांच्या सवयीचे करा. कोऱ्या बुटांनी फोड आलेच म्हणून समजा! पण खरी परीक्षा उंचीची. लुकला २,८६० मीटरवर, बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला ५०० मीटरहून जास्त वाढवू नये. शिवाय नामचेला एक दिवस जास्तीचा काढतात. तो वाचवायचं यजमानांनी म्हटलं, तरी ऐकू नका. आणि डोकं दुखलं, मळमळलं, तर घरच्यासारखं अंगावर काढायचं नाही, बरं का! वाटाड्याला लगेच सांगा. त्रास असताना वर चढू नये. वाढला, तोल जाऊ लागला, तर रात्रीसुद्धा खाली उतरावं.