परसांतील खोली आणि पोथीची विनवणी

जुन्या हस्तलिखित पोथ्यांच्या शेवटीं एक विनवणी पुष्कळदां आढळते. पोथीच वाचकास म्हणते कीं, तेलापासून माझें रक्षण कर, पाण्यापासून कर, सैल बांधणीपासून कर, आणि मूर्खाच्या हातीं मला देऊं नकोस. संस्कृत शिकविण्यांत आमचें उभें आयुष्य गेलें. ही विनवणी आम्हीं किती वर्गांना समजावून सांगितली याची गणतीच नाहीं. स्वतःच्या घरीं मात्र तिचीं चारही कलमें आम्हींच मोडलीं. वाचकांपैकीं कोणाचें तसें नुकसान होऊं नये, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

विश्रांतवाडीस आमच्या घरामागें दहा फूट रुंद व बारा फूट लांब अशी एक खोली आहे. भिंती विटांच्या, वर पत्रा. आळंदीहून पालखी ज्या रस्त्यानें पुण्यास येते, तो रस्ता जवळच. डोक्यावर लोहगांवच्या विमानांची घरघर. सेवानिवृत्तीनंतर आम्हीं तेथें पुस्तकें बांधण्याचा शिकंजा मांडला. आमच्या सूनबाई तैलचित्रें काढतात, त्यांचें रंगसाहित्यही तेथेंच आलें. पुढें घरांत ज्यास जागा नाहीं, तें सर्व तेथें जाऊं लागलें. आणि त्याबरोबर आमच्या आजोबांच्या हातच्या आठ पोथ्याही तेथील माळ्यावर गेल्या.

गतवर्षीं आश्विनांत सरस्वतीपूजनासाठीं त्या खालीं काढल्या. आठवें बासन हातीं घेतलें तों तें विलक्षण हलकें लागलें. सोडून पाहतों तों वरची व खालची लाकडी पाटी शाबूत, आणि मधल्या पानांची वाळवीनें माती केलेली! बाकीच्या सात पोथ्यांत स्तोत्रें, कथा, प्रयोग आहेत. त्या सर्व आज छापून मिळतात. आठवींत मात्र आजोबांनीं आपल्या गांवचा पाऊस, पीक आणि धान्याचे भाव वर्षानुवर्षें टिपून ठेवले होते. तिची दुसरी प्रत जगांत कोठेंही नव्हती.

आम्ही बराच वेळ तसेच बसून राहिलों. सूनबाई हलकेंच म्हणाल्या, “मामंजी, आपण पोथ्या मानाप्रमाणें लावल्या होत्या. देवाच्या मध्यभागीं, आणि हिशेबाची म्हणून ही कोंपऱ्यांत भिंतीला टेकवून.” त्यांचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. जी पुन्हां मिळणार नव्हती, तिलाच आम्हीं सर्वांत वाईट जागा दिली होती.

त्या दिवसापासून खोलीची मांडणी नव्यानें करावयाची असें ठरलें. आमची पहिली धांव सुताराकडे होती. सूनबाईंनीं ती थांबविली. फळ्यांचीं मापें घेण्यापूर्वीं वस्तूंची यादी करावी, असा त्यांचा आग्रह. यादीचे चार भाग केले: रोज लागणारें, महिन्यांतून लागणारें, वर्षांतून एकदां लागणारें, आणि कधींच न लागणारें. शेवटच्या भागांत निम्मी खोली निघाली! तुटक्या छत्र्या, कालबाह्य पाठ्यपुस्तकें, रिकामे डबे यांची बोळवण झाल्यावर नव्या फळ्यांची गरजही तितकीच कमी झाली. उरलेल्या वस्तूंस आम्हीं दुसरा प्रश्न विचारला: ही गेली तर पुन्हां मिळेल काय? पहिल्या प्रश्नानें वस्तूची उंची ठरते. रोजची वस्तु गुडघा आणि डोळा यांच्या दरम्यान असावी. दुसऱ्या प्रश्नानें भिंत ठरते.

भिंतीची निवड ही लहान गोष्ट नव्हे. आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून दक्षिण व पश्चिम या भिंतींवर पावसाचा मारा अधिक. आमचा माळा नेमका पश्चिमेच्या भिंतीस लागून होता. जुन्या वाड्यांतील फडताळें व कोनाडे भिंतींतच असत हें खरें; परंतु त्या भिंती हात-दीड हात जाडीच्या. नऊ इंची भिंतीस त्यांचें अनुकरण झेपत नाहीं. आतां पोथ्या व दुर्मिळ पुस्तकें पूर्वेच्या भिंतीकडे आलीं आहेत, आणि फळ्या व भिंत यांमध्यें दोन इंच पोकळी ठेविली आहे. हिचे उपयोग दोन. हवा खेळती राहते. हवेंतील आर्द्रता शेंकडा ६५-७० च्या वर फार काळ टिकली कीं कागदावर बुरशी धरते, तिला त्यामुळें आळा बसतो. शिवाय वाळवी उघड्यावर चालत नाहीं, मातीची नळी करून तिच्यांतून चढते. पोकळी असली म्हणजे ती नळी वेळींच दृष्टीस पडते.

सर्वांत खालची फळी जमिनीपासून एक फूट उंच आहे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्यांत पूर आला, तेव्हां नदीकांठच्या पेठांत किती घरांतील दप्तरें चिखलांत गेलीं असतील! आमची वस्ती नदीकांठची नव्हे, हें मान्य. परंतु तुंबलेलें गटार किंवा फुटलेला नळ यांना नदीची गरज नसते. पत्र्याखालीं वैशाखांत भट्टी पेटते व आषाढांत गळतें, म्हणून माळ्यावर आतां केवळ रिकाम्या चौकटी व तिरडीवजा बांबू एवढेंच आहे.

फळीच्या लांबीविषयीं एक नियम वाचकांनीं अवश्य ध्यानांत ठेवावा. एक फूट लांबीच्या पुस्तकांच्या ओळीचें वजन सात ते नऊ किलो सहज भरतें. अशा सारख्या पसरलेल्या भारानें फळी मध्यें लवते. दोन आधारांतील अंतर दुप्पट केलें तर तें लवणें दुप्पट होत नाहीं, सोळापट होतें. उलट फळीची जाडी दुप्पट केली तर तें अष्टमांशावर येतें. म्हणून पाऊण इंची प्लायवूडला दर अडीच फुटांवर आधार दिला आहे. सुतारास हें व्यर्थ वाटलें. पण चाळीस वर्षें वर्गांतील कपाटांच्या पोट सुटलेल्या फळ्या आम्हीं पाहिल्या होत्या.

आतां तेल. आम्ही त्या कलमाचा अर्थ दिव्याचें तेल एवढाच करीत होतों. सूनबाईंच्या रंगांत जवसाचें तेल असतें. त्यानें भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकला, तर तेल वाळतांना उष्णता कोंडते आणि काडी न लावतांही तो पेट घेऊं शकतो. हें त्यांनीं सांगितलें तेव्हां आमच्या अंगावर कांटा आला, कारण तशा चिंध्या आम्हींच नीटनेटकेपणानें गोळा करून पुस्तकांखालीं सारीत असूं! आतां त्या बाहेर दोरीवर एकेक सुटी वाळत घालतात, आणि मग पाणी भरलेल्या झांकणाच्या डब्यांत टाकतात. रंग व टर्पेंटाईन समोरच्या भिंतीशीं, खिडकीजवळच्या लोखंडी कपाटांत असतें.

तिसरें कलम बांधणीचें. पेशवे दप्तरांतील कागद रुमालांत बांधून ठेवीत. त्या रुमालांतूनच गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखालीं १९३० ते १९३४ या काळांत ४५ खंड निघाले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं हातीं घेतलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ति १९६६ सालीं पुरी झाली, तीही देशोदेशींच्या हस्तलिखितांच्या आधारावर. तीं हस्तलिखितें कोणीतरी, कोठेंतरी, कोरड्या जागीं घट्ट बांधून ठेविलीं होतीं म्हणूनच तें शक्य झालें. आम्हीं सातही पोथ्या पुनः पाट्यांमध्यें घेऊन धुतलेल्या सुती बासनांत बांधल्या, फळीवर आडव्या ठेविल्या, शेजारीं वेखंडाच्या पुरचुंड्या ठेविल्या. पुस्तकें बांधण्याच्या खळींत मोरचूद घालतों, म्हणजे तिला कीड लागत नाहीं. मोरचूद विषारी, म्हणून तो कुलुपांत. सरस्वतीपूजनाचा दिवस आतां आमच्याकडे तपासणीचाही दिवस आहे. हात जोडण्यापूर्वीं प्रत्येक बासन सोडून पाहावयाचें, असा दंडक घातला आहे.

राहिलें चौथें कलम, मूर्खाच्या हाताचें. तो हात कोणाचा होता, हें सांगावयास नको. त्यावर दोन उपाय योजिले. एक, खोलींतील प्रत्येक फळीस क्रमांक देऊन यादी दाराच्या आंतल्या बाजूस चिकटविली, म्हणजे आमच्या पश्चात् कोणाला अंधारांत चांचपडावें लागणार नाहीं. दुसरा, नातवानें आपल्या मोबाईलवर सातही पोथ्यांच्या प्रत्येक पानाचें छायाचित्र घेतलें. दोन दुपारींत काम संपलें. तीच दोन दुपार गतवर्षीं खर्च झाल्या असत्या तर!

घरोघरीं माळ्यांवर अशीं बासनें अजून आहेत. तीं ठेवण्याजोगी जागा व तीं पाहण्यास सवड घरांत नसेल, तर आपल्या पुण्यांत भांडारकर संस्था आहे, १९१० सालीं स्थापन झालेलें भारत इतिहास संशोधक मंडळ आहे; तेथें विचारणा करण्यांत कमीपणा नाहीं. परंतु आधीं एकदां सोडून पाहावें, आणि स्तोत्रांच्या पोथीपेक्षां हिशेबाच्या वहीकडे, जमाखर्चाकडे, घरच्या पत्रांकडे आधीं पाहावें. स्तोत्रें पुष्कळांनीं राखलीं आहेत. घरच्या नोंदींना घराखेरीज राखणदार नाहीं.

पूर्वेच्या भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीची एक फळी सूनबाईंनीं मोकळी ठेविली होती. आम्हीं तिच्यावर त्या आठव्या पोथीच्या दोन पाट्या ठेविल्या, आणि त्यांच्यामध्यें एक कोरी वही. विश्रांतवाडीचा पाऊस गेल्या ज्येष्ठापासून आम्ही तिच्यांत टिपीत आहों.