चिनी, मराठी आणि इंग्रजीची परीक्षा

पुण्याहून पौड मागे टाकून ताम्हिणी घाटाच्या दिशेने निघाले की मुळशी धरणाच्या परिसरात माले हे गाव लागते. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तेच हे धरण. याच मुळशी तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान संकुल आहे, तर पौडजवळच्या डोंगरावर १९९७ पासून महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज हे जगभरातील विद्यार्थ्यांचे निवासी महाविद्यालय चालते. एकाच तालुक्यातील ही तीन ठिकाणे, पण तिन्हीकडे इंग्रजीचा अर्थ वेगळा. हिंजवडीत ती कामाची भाषा आहे आणि डोंगरावरच्या महाविद्यालयात ती वेगवेगळ्या मातृभाषांच्या मुलांना जोडते. माल्यासारख्या गावात मात्र इंग्रजी हा अजूनही मुख्यतः परीक्षेचा विषय आहे.

मराठी माध्यमातून शिकलेली, परिचारिकेचा अभ्यासक्रम पूर्ण केलेली एखादी मुलगी परदेशी नोकरीचा विचार करू लागली, की ‘आयईएलटीएस’ नावाची पायरी तिच्यासमोर उभी राहते. ब्रिटनच्या परिचर्या परिषदेला श्रवण, वाचन आणि संभाषण यांत प्रत्येकी ७ आणि लेखनात ६.५ गुणांक लागतो. एकदा परीक्षेला बसण्याचे शुल्क सतरा-अठरा हजार रुपयांच्या घरात जाते आणि निकाल दोनच वर्षे ग्राह्य धरला जातो. त्यामुळे ‘बसून तर बघू’ ही आपल्याकडची नेहमीची वृत्ती येथे चांगलीच महागात पडते.

या परीक्षेची तयारी मराठी भाषकाने नेमकी कशी करावी, हे समजून घ्यायला चिनी विद्यार्थ्यांचे उदाहरण फार उपयोगी पडते. एक तर इंग्रजीच्या परीक्षांची तयारी हा चीनमध्ये प्रचंड उद्योग आहे. दुसरे म्हणजे चिनी आणि मराठी या भाषांचे एकमेकींशी काहीही नाते नसताना त्यांच्या भाषकांच्या इंग्रजीतील काही चुका मात्र जुळ्या भावंडांसारख्या दिसतात.

यू मिनहोंग या पेकिंग विद्यापीठातील माजी इंग्रजी अध्यापकाने १९९३ मध्ये बीजिंगमध्ये ‘न्यू ओरिएंटल’ ही शिकवणी संस्था सुरू केली. ‘टोफेल’ आणि ‘जीआरई’ या परीक्षांसाठी तेथे विद्यार्थ्यांची रीघ लागली. प्रश्नांचे नमुने, उत्तरांचे साचे आणि शब्दांच्या याद्या हे सारे तोंडपाठ करण्यावर भर असे. परीक्षा घेणाऱ्या अमेरिकी संस्थेने आपल्या प्रश्नपत्रिका विनापरवाना वापरल्याबद्दल न्यू ओरिएंटलवर दावा लावला आणि २००३ मध्ये बीजिंगच्या न्यायालयाने तो मान्य केला. पुढे २००५ मध्ये टोफेलचे इंटरनेटवरील नवे रूप आले व त्यात बोलण्याची परीक्षा अनिवार्य झाली. लेखी परीक्षेत उत्तम गुण मिळवणारे, पण दोन वाक्ये धड न बोलू शकणारे विद्यार्थी त्यामुळे उघडे पडले. अशा इंग्रजीला चिनी लोक स्वतःच ‘मुकी इंग्रजी’ म्हणतात.

आपल्याकडे हा शब्द नाही, वस्तू मात्र भरपूर आहे. दहावीला इंग्रजीत ८५ गुण मिळवलेला मुलगा मुलाखतीत आपले नाव सांगून गप्प होतो. प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले. त्याआधी मराठी शाळांत ते पाचवीपासून असे. पण इयत्ता बदलल्याने पद्धत बदलत नाही. पूर्वीच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढल्या, नंतरच्या गाईड आणि ‘अपेक्षित प्रश्नसंचां’वर. माझे मत विचाराल तर तर्खडकर बरे होते. त्यांच्याकडे निदान वाक्य स्वतः रचावे लागे.

आता चुकांकडे वळू. चिनी भाषेत ‘द’ आणि ‘अ’ ही उपपदे नाहीत, मराठीतही नाहीत. म्हणून दोन्ही भाषक ती एक तर गाळतात, नाही तर मिठासारखी सगळीकडे भुरभुरतात. पण मराठीत निश्चितपणा दाखवण्याची सोयच नाही, असे समजू नये. ‘पाहुणे मुलगी पाहायला गेले’ आणि ‘पाहुणे मुलीला पाहायला गेले’ ही वाक्ये ताडून पाहा. पहिल्यात मुलगी कोण हे ठरलेले नाही. दुसऱ्यातली मुलगी बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला ठाऊक आहे. ‘ला’ हा प्रत्यय येथे थोडेसे ‘द’चे काम करतो. इंग्रजी नाम लिहिताना ‘ऐकणाऱ्याला हे कोणते ते ठाऊक आहे काय?’ एवढा एक प्रश्न मनाशी विचारला, तर व्याकरणाच्या पुस्तकातील पानभर नियमांइतके काम होते.

दुसरी जुळी चूक जोडवाक्यांची. मराठीत ‘जरी’ आले की ‘तरी’ आलेच पाहिजे. चिनीतही ‘सुइरान’ म्हटले की मागून ‘दानशी’ येते. दोघेही मग इंग्रजीत ‘ऑल्दो’ने वाक्य सुरू करून मध्यावर ‘बट’ घालतात. इंग्रजीला दोहोंपैकी एकच चालतो. ‘जेव्हा–तेव्हा’मुळे होणारे ‘व्हेन… देन’ हेही याच घराण्यातले. ‘तू जेवला नाहीस ना?’ या प्रश्नाला आपण ‘हो, नाही जेवलो’ असे सहज म्हणतो, चिनी माणूसही तसेच म्हणतो. इंग्रजीत येथे ‘नो’ म्हणावे लागते. संभाषणाच्या परीक्षेत अशा जागी घोटाळा झाला की पुढचे दोन मिनिटांचे बोलणे उगाच दुरुस्तीत जाते.

मात्र साम्य येथपर्यंतच. चिनी क्रियापद काळानुसार रूप बदलत नाही, नामाला सहसा अनेकवचन नसते आणि ‘तो’ व ‘ती’ यांचा उच्चार ‘ता’ असा एकच असतो. त्यामुळे चांगले इंग्रजी येणारा चिनी विद्यार्थीही बोलण्याच्या भरात ‘ही’ आणि ‘शी’ यांची अदलाबदल करतो. तीन लिंगे आणि क्रियापदांची इतकी रूपे लहानपणापासून जिभेवर खेळवणाऱ्या मराठी मुलाला ही अडचण नाही. आपल्याला याचा अभिमान वाटायला हरकत नाही, पण आपली अडचण दुसरीकडे दबा धरून बसलेली असते.

ती सर्वाधिक दिसते ‘पासून’ या शब्दात. ‘मी पाच वर्षांपासून इथे राहतो आहे’ या वाक्याचे शब्दशः इंग्रजी ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ असे होते. पदवीधरांच्याही तोंडी ते सर्रास ऐकू येते. इंग्रजीत कालावधी सांगायचा तर ‘फॉर’ लागतो, आरंभबिंदू सांगायचा तर ‘सिन्स’. शिवाय काम भूतकाळात सुरू होऊन अजून चालू असल्याने क्रियापद ‘हॅव बीन लिव्हिंग’ असे होते. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ ही चूक अशीच सततच्या कानावर पडण्यातून घट्ट झालेली. ‘च्याविषयी चर्चा’मधून ‘डिस्कस अबाउट’ जन्मते आणि ‘त्याच्याशी लग्न’मधून ‘मॅरीड विथ’. पहिल्यात ‘अबाउट’ नकोच आणि दुसऱ्यात ‘टू’ हवे. अशा चुकांची स्वतःची वही करावी. बाजारातील ‘शंभर सामान्य चुका’ छापाच्या पुस्तिकेपेक्षा स्वतःच्या हातून घडलेल्या वीस चुकांची वही अधिक मोलाची असते.

उच्चारांबाबत अनावश्यक धास्ती बाळगली जाते. या परीक्षेत गोऱ्या माणसासारखे बोलण्याला गुण नाहीत. ऐकणाऱ्याला विनासायास समजते की नाही, हे पाहिले जाते. चिनी शब्दाच्या शेवटी स्वर किंवा अनुनासिक व्यंजन येते, त्यामुळे ‘आस्क्ड’सारख्या शब्दाचा शेवट तेथील विद्यार्थी गिळून टाकतो. मराठी मुलगा तो गिळत नाही. उलट अक्षरे पाहून ‘वॉक्ड’चे ‘वॉकेड’ करतो. आपला एकच ‘व’ इंग्रजीच्या दोन वेगळ्या ध्वनींसाठी राबतो. एकात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्यात ओठांचा चंबू होतो. आरशासमोर उभे राहून हा फरक आठवडाभरात साधतो. ऱ्हस्व-दीर्घाचे मात्र तसे नाही. मराठीत ‘इ’ आणि ‘ई’ यांचा भेद आपण लेखनात काटेकोर पाळतो, बोलण्यात फारसा नाही. म्हणून ‘शिप’ आणि ‘शीप’, जहाज आणि मेंढी, परीक्षकाच्या कानी एकच होऊन जातात. याहून महत्त्वाचा आहे तो आघात. मराठीत सर्व अक्षरांना साधारण सारखे वजन देऊन आपण बोलतो. इंग्रजीत ‘फोटोग्राफ’मध्ये पहिल्या अवयवावर जोर असतो, तर ‘फोटोग्राफर’मध्ये तो दुसऱ्यावर सरकतो. जोर चुकला की शब्दच ओळखू येत नाही.

श्रवणाच्या भागात आकडे हा वेगळाच सापळा आहे. मराठीत ‘पंचेचाळीस’ म्हणताना पाच आधी येतात, चाळीस नंतर, इंग्रजीत उलट. घाईत ४५ चे ५४ होतात. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ अशी संख्यावाचनाची पद्धत आणली तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता! त्या वादात पडण्याचे येथे कारण नाही. पण परीक्षेत ध्वनिफीत एकदाच वाजते, हे लक्षात ठेवून दूरध्वनी क्रमांक, दर आणि तारखा ऐकून लिहिण्याचा सराव रोज दहा मिनिटे करावाच. मोठ्या संख्यांबाबत चिनी विद्यार्थी पुन्हा आपला सोबती ठरतो. आपण लाख-कोटींत मोजतो, ते दहा हजारांच्या ‘वान’मध्ये. दहा लाख म्हणजे एक मिलियन आणि शंभर वान. आलेखाचे वर्णन लिहिताना ‘लाख’ तसाच लिहिणे टाळलेले बरे.

परीक्षेचे स्वरूप थोडक्यात सांगायचे तर श्रवणाला सुमारे अर्धा तास व ४० प्रश्न, वाचनाला एक तास व ४० प्रश्न, लेखनाला एक तास आणि समोरासमोर संभाषणाला ११ ते १४ मिनिटे. लेखनात दोन प्रश्न असतात, पहिला किमान १५० शब्दांचा आणि दुसरा किमान २५० शब्दांचा. दुसऱ्याला पहिल्याच्या दुप्पट वजन असते, तरीही पहिल्यावरच निम्मा वेळ घालवणारे परीक्षार्थी दरवेळी भेटतात. पहिल्यास वीस आणि दुसऱ्यास चाळीस मिनिटे हे प्रमाण पाळावे.

निबंधाचे साचे पाठ करून जाण्याचा सल्ला अनेक शिकवण्या देतात. चीनमध्येही तो वर्षानुवर्षे दिला गेला. पाठ केलेला मजकूर ओळखण्याचे शिक्षण परीक्षकांना दिलेले असते आणि तशा मजकुराचे श्रेय मिळत नाही. भारदस्त पहिले वाक्य आणि त्याखाली लंगडणारा परिच्छेद असे ठिगळ कोणाच्याही डोळ्यांत भरते. आपल्या निबंधांना आणखी एक खोड आहे. मूळ मुद्द्यावर येण्याआधी आपण गावाला प्रदक्षिणा घालतो. येथे आपले मत पहिल्या परिच्छेदातच सांगावे लागते आणि पुढील प्रत्येक परिच्छेदात एकच मुद्दा कारणासह व उदाहरणासह मांडावा लागतो.

किती दिवस लागतील, हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. भाषेच्या एका पातळीवरून पुढच्या पातळीवर जायला मार्गदर्शनाखालील अभ्यासाचे साधारण २०० तास लागतात, असा केंब्रिजच्या परीक्षा मंडळाचा ढोबळ अंदाज आहे. रोज दोन तास धरले तरी तीन महिन्यांहून अधिक काळ होतो. चाचणीत साडेचार गुणांक मिळवणाऱ्याने तीस दिवसांत सात मिळवून देण्याच्या जाहिरातीला भुलून पैसे भरू नयेत. त्या तीस दिवसांत परीक्षेची ओळख होईल, भाषा येणार नाही. ज्याची भाषा आधीच साडेसहाच्या आसपास आहे, त्याला मात्र महिनाभराचा वर्ग उपयोगी पडू शकतो. म्हणून वर्गात नाव घालण्यापूर्वी घड्याळ लावून एक पूर्ण सराव परीक्षा घरीच सोडवावी आणि आपण कोठे उभे आहोत ते पाहावे.

गावात राहून तयारी होते काय? वाचन आणि श्रवण यांची होते; मोबाइलवर अधिकृत सराव साहित्य विनामूल्य मिळते आणि इंग्रजी बातम्या ऐकता येतात. लेखनाला दुसऱ्याची नजर हवीच. आठवड्याला दोन निबंध शाळेतील इंग्रजीच्या शिक्षकांना दाखवले, तरी पुरे. खरी अडचण बोलण्याची, कारण बोलायला समोर कोणी नसते. चीनमध्ये ली यांग नावाच्या गृहस्थांनी १९९० च्या दशकात ‘क्रेझी इंग्लिश’ ही मोहीम काढून हजारोंना मैदानात उभे करून मोठमोठ्याने इंग्रजी ओरडायला लावले होते. पद्धत विक्षिप्त खरी, पण लाज मोडायची असेल तर आवाज बाहेर पडला पाहिजे, हे तिच्यातले मर्म खोटे नाही. ओरडण्याऐवजी मोबाइलवर दोन मिनिटे बोलून ध्वनिमुद्रण करावे, दुसऱ्या दिवशी ते ऐकावे आणि तोच विषय पुन्हा बोलावा. पहिले ऐकणे लाजिरवाणे असते. तिसऱ्या-चौथ्या वेळेपर्यंत आपले अडखळणे नेमके कोठे होते ते कळू लागते.

संभाषणाच्या दुसऱ्या टप्प्यात एक विषय हाती देतात, विचाराला एक मिनिट मिळते आणि मग एक ते दोन मिनिटे सलग बोलायचे असते. एखाद्या जागेचे वर्णन करा, या धर्तीचा विषय आला की अनेक मुले न पाहिलेल्या ताजमहालाकडे धाव घेतात आणि तिसऱ्या वाक्याला थांबतात. माल्याच्या मुलीने धरणावर बोलावे. समोर पाणी आहे, पावसाळ्यात ते वाढते, त्याखाली जमिनी गेल्या आणि आजीने त्याविषयी काय सांगितले, एवढे आठवले तरी दोन मिनिटे कमी पडतील. ‘रिझर्व्हॉयर’ या शब्दाचा उच्चार आणि ‘सबमर्ज्ड’चे शेवटचे व्यंजन तेवढे आधी घोटून ठेवावे.