बँकांचे साहाय्य, सेनेटरांचे मत आणि मतदारांचा कौल

व्यापाऱ्याचे खरे भांडवल म्हणजे त्याची पत होय. तिजोरीतील रोकड हा तिचा केवळ डोळ्यांस दिसणारा भाग. पत गेली की भरलेले गोदामही उपयोगी पडत नाही. शिवाय कोणतीही पेढी पडताना एकटी पडत नाही. तिच्यावर विसंबलेल्या दहा पेढ्या ती आपल्याबरोबर ओढते. हा अनुभव बाजारात बसणाऱ्या कोणासही नवा नाही. परंतु पडणाऱ्यास सावरावयाचे ते कोणाच्या पैशाने, आणि सावरण्याचा निर्णय ज्यांनी घेतला त्यांना लोकांनी शाबासकी द्यावी की घरी बसवावे, हा प्रश्न मात्र दिसतो तितका सोपा नाही. सन २००८ मध्ये अमेरिकेत या प्रश्नावर जाहीर मतदान झाले, आणि मत देणाऱ्यांना त्याचा जाब पुढे मतदारांपुढे द्यावा लागला. त्या प्रकरणाची हकीकत आपल्या व्यापारी बंधूंपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

संकट कसे ओढवले

अमेरिकेतील बँकांनी व कर्ज देणाऱ्या संस्थांनी, फेडण्याची ऐपत न पाहता, घरांसाठी कर्जे वाटली. त्या कर्जांच्या मोळ्या बांधून त्यांवर रोखे काढण्यात आले आणि ते रोखे देशोदेशींच्या बँकांनी घेतले. घरांच्या किंमती चढत होत्या तोवर सर्व सुरळीत चालले. किंमती उतरू लागताच मात्र कोणाच्या पोतडीत सडका माल किती आहे, हे कोणासच सांगता येईना. धान्याच्या बाजारात एखाद्या वखारीत कीड लागल्याची वार्ता उठली, तर सर्वच वखारींचा माल संशयित ठरतो. तसेच तेथे घडले.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्याच दिवशी, म्हणजे १५ सप्टेंबर २००८ रोजी, लेहमन ब्रदर्स या पेढीने दिवाळे जाहीर केले. ही पेढी १८५० मध्ये अलाबामा राज्यात कापसाच्या व्यापारातून उदयास आलेली होती. म्हणजे दीडशे वर्षांहून अधिक जुनी. तिच्या रोख्यांत पैसा गुंतविलेल्या एका मोठ्या निधीत एका डॉलरचे सत्त्याण्णव सेंट झाले. जो निधी रोकडीइतका सुरक्षित समजला जात होता, त्याची ही गत पाहून लोकांनी अशा निधींतून पैसा काढण्यास प्रारंभ केला. परिणामी मोठमोठे कारखाने ज्या अल्प मुदतीच्या हुंड्यांवर आपला दैनंदिन व्यवहार चालवितात, त्या हुंड्या वटविण्यास कोणी पुढे येईना.

याची झळ आपल्यासारख्या मालाच्या व्यापाऱ्यांपर्यंतही पोहोचली. धान्य, कोळसा, खनिज असा सुटा माल वाहून नेणाऱ्या जहाजांच्या भाड्याचा निर्देशांक लंडनच्या बाल्टिक एक्सचेंजमध्ये काढला जातो. मे २००८ मध्ये तो ११,७९३ होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो ६६३ वर येऊन ठेपला. मालाची मागणी घटली हे त्याचे एक कारण. आणि एका बँकेचे हमीपत्र दुसरी बँक मानावयास तयार होईना, हे दुसरे.

विधेयक आणि मतदान

अमेरिकेचे अर्थमंत्री हेन्री पॉल्सन यांनी अवघ्या तीन पानांचा एक मसुदा काँग्रेसपुढे ठेवला. बँकांकडील बुडीत रोखे विकत घेण्यास सरकारला ७०० अब्ज, म्हणजे सत्तर हजार कोटी डॉलर द्यावेत, आणि अर्थमंत्र्यांच्या या निर्णयांची कोणत्याही न्यायालयास तपासणी करता येऊ नये, अशी त्यात मागणी होती. एवढी रक्कम आणि एवढी मोकळीक एका माणसाच्या हाती द्यावयाची, हे वाचूनच सामान्य नागरिक अस्वस्थ झाला. मसुद्यात पुष्कळ सुधारणा करण्यात आल्या. पण पहिला ठसा पुसला गेला नाही. लोकप्रतिनिधींच्या कार्यालयांत विरोधाच्या दूरध्वनींचा व संदेशांचा पूर लोटला.

२९ सप्टेंबर रोजी प्रतिनिधिगृहाने ते विधेयक २०५ विरुद्ध २२८ मतांनी फेटाळले. त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराचा डाऊ निर्देशांक ७७७ अंकांनी कोसळला. यानंतर विधेयक सेनेटपुढे आले. सेनेट हे तेथील वरिष्ठ सभागृह. प्रत्येक राज्यातून दोन असे त्याचे एकंदर १०० सभासद असतात. त्यांची मुदत सहा वर्षांची असून दर दोन वर्षांनी सुमारे एक-तृतीयांश जागांची निवडणूक होते. पूर्वी त्यांना राज्यांची विधिमंडळे निवडीत. १९१३ च्या घटनादुरुस्तीनंतर जनता प्रत्यक्ष मतदानाने निवडते.

१ ऑक्टोबरच्या रात्री सेनेटने हे विधेयक ७४ विरुद्ध २५ मतांनी संमत केले. एडवर्ड केनेडी आजारी असल्याने अनुपस्थित होते. अध्यक्षपदासाठी परस्परांविरुद्ध लढणारे ओबामा आणि मॅक्केन या दोघांनीही अनुकूल मत दिले, ही ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट. विरोधकांतही दोन्ही टोकांचे लोक एकत्र आले होते. उजवीकडचे जिम डीमिंट म्हणत की सरकारने बाजारात हात घालू नये. डावीकडचे बर्नी सँडर्स म्हणत की श्रीमंतांच्या चुकांची किंमत कष्टकऱ्यांकडून वसूल करू नये.

मते जुळविण्यासाठी विधेयकास इतर पुष्कळ करसवलतींची जोड देण्यात आली होती. लहान मुलांच्या खेळातील लाकडी बाणांवरील कर माफ करण्याचे एक कलमही त्यात होते! बँकांच्या रक्षणाशी बाणांचा संबंध काय, हे मतदारांना कोणी समजावू शकले नाही. उलट सामान्य ठेवीदाराच्या हिताची जी एक तरतूद होती, म्हणजे ठेवींवरील विम्याची मर्यादा एक लाखावरून अडीच लाख डॉलर करण्याची, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ३ ऑक्टोबरला प्रतिनिधिगृहाने २६३ विरुद्ध १७१ मतांनी संमती दिली आणि त्याच दिवशी अध्यक्ष बुश यांची स्वाक्षरी झाली.

मतदारांचा कौल

या मताची किंमत पुढे कोणी कशी मोजली? जॉर्जियाचे सॅक्सबी चॅम्ब्लिस यांनी अनुकूल मत दिले होते. महिन्याभरात झालेल्या निवडणुकीत त्यांना आवश्यक ती निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत. डिसेंबरमध्ये फेरनिवडणूक लढवून ते कसेबसे नव्हे, तर चांगल्या मताधिक्याने आले. युटाचे रॉबर्ट बेनेट यांची कथा अधिक बोलकी आहे. तीन वेळा निवडून आलेले, बँकिंगच्या विषयाचे जाणकार असे हे गृहस्थ. मे २०१० मध्ये त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाच्या राज्य अधिवेशनात ते पराभूत झाले. मतदारांपुढे उभे राहण्याची उमेदवारीही त्यांना मिळाली नाही. साहाय्य योजनेचे संक्षिप्त नाव 'टार्प' असे होते, आणि अधिवेशनात त्याच नावाचा घोष करून प्रतिनिधींनी त्यांना निरोप दिला.

अलास्काच्या लिसा मर्कोव्स्की यांनीही अनुकूल मत दिले होते. त्या २०१० मध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत हरल्या. परंतु नोव्हेंबरात मतदारांनी मतपत्रिकेवर त्यांचे नाव स्वहस्ते लिहून त्यांना निवडून दिले. दुसऱ्या बाजूस, नॉर्थ कॅरोलायनाच्या एलिझाबेथ डोल यांनी विरोधी मत दिले आणि तरी त्या २००८ मध्येच पराभूत झाल्या. विस्कॉन्सिनचे रसेल फाइनगोल्ड यांनीही विरोध केला होता. २०१० मध्ये त्यांनाही लोकांनी घरी पाठविले. निवडणूक एकाच कारणाने जिंकली वा हरली जात नाही, हे यावरून उघड होते. तथापि पक्षाच्या कट्टर कार्यकर्त्यांत या एका मताचा राग दीर्घकाळ टिकला, हेही खरे.

हिशेबाची वही काय सांगते

मूळ योजना बुडीत रोखे घेण्याची. पण सरकारने लवकरच धोरण बदलून बँकांचे अग्रहक्काचे भाग विकत घेतले. बँकांत सुमारे २४५ अब्ज डॉलर गुंतविले गेले आणि २७५ अब्जांच्या वर परत आले. मोटार कारखान्यांस व संकटग्रस्त घरमालकांस दिलेले साहाय्य धरता संपूर्ण योजनेत सुमारे ४४३ अब्ज खर्च पडले आणि अखेरची तूट सुमारे ३१ अब्जांची ठरली. सत्तर हजार कोटी बुडणार, ही भीती खोटी ठरली.

मग मतदार मूर्ख होते काय? मला तसे वाटत नाही. मतदार रकमेसाठी चिडला नव्हता; न्यायासाठी चिडला होता. मार्च २००९ मध्ये, सरकारी पैशावर तग धरलेल्या एआयजी या विमा कंपनीने आपल्या अधिकाऱ्यांना साडेसोळा कोटी डॉलरचे बक्षीस वाटल्याचे उघड झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात देशातील बेकारी शेकडा १० वर पोहोचली. लक्षावधी कुटुंबांची घरे जप्त झाली. नफा झाला तेव्हा तो त्यांचा, आणि तोटा झाला तेव्हा तो सर्वांचा, ही खतावणी कोणत्या व्यापाऱ्यास मान्य होईल? वहीतील बेरीज बरोबर असली, तरी नावे-जमा चुकीच्या खात्यांवर पडली होती. जहाज वाचविणे आवश्यक होते; परंतु जहाज खडकावर घालणाऱ्या तांडेलासही त्याच नावेतून सन्मानाने किनाऱ्यास आणले, हे लोकांनी पाहिले.

प्रतिनिधी कोणाचा

प्रतिनिधीने मतदारांची इच्छा पाळावी की स्वतःची विवेकबुद्धी, हा वाद जुना आहे. १७७४ मध्ये एडमंड बर्क यांनी ब्रिस्टलच्या मतदारांना स्पष्ट बजावले होते की प्रतिनिधी आपली सद्बुद्धी तुमच्या इच्छेपायी गहाण टाकणार नाही. ब्रिस्टल हे व्यापाऱ्यांचे नगर. आयर्लंडच्या व्यापारावरील निर्बंध सैल करावेत, हे बर्क यांचे मत तेथील व्यापाऱ्यांस रुचले नाही, आणि १७८० मध्ये पराभव समोर दिसताच त्यांनी तेथून माघार घेतली.

आपल्याकडे राज्यसभेची रचना बाहेरून सेनेटसारखीच आहे: मुदत सहा वर्षे, दर दोन वर्षांनी एक-तृतीयांश निवृत्त. परंतु तिचे बहुतेक सभासद राज्यांचे आमदार निवडतात. शिवाय १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षाचा आदेश मोडून मत दिल्यास सभासदत्व जाऊ शकते, आणि पुष्कळ विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात. यास्तव अमुक सभासदाने अमुक दिवशी काय मत दिले, असे विचारण्याचा प्रसंगच आपल्या मतदारावर क्वचित येतो. बेनेट यांच्यावर अन्याय झाला असे मानले, तरी त्यांचे मत लिहिलेले होते आणि लोकांना ते ठाऊक होते, ही गोष्ट लहान नव्हे.

आता एक कबुली देणे प्राप्त आहे. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या बाजारातील एक आडत पेढी सट्ट्यातील तोट्याने अडचणीत आली. मी त्या वेळी पंचमंडळात होतो. व्यापाऱ्यांच्या साहाय्य निधीतून तिला उचल द्यावी, असा प्रस्ताव आला. सभासद संतापले होते; त्याच्या सट्ट्याची भरपाई आम्ही का करावी, हा त्यांचा सवाल होता. मी प्रस्तावाविरुद्ध मत दिले आणि पुढील निवडणुकीत भरघोस मतांनी निवडून आलो. पेढी पंधरवड्यात बंद पडली. तिच्या मालकाचे फारसे बिघडले नाही. त्याची शेती होती. बिघडले ते तिच्याकडे हिशेबपट्टीची रक्कम अडकलेल्या शेतकऱ्यांचे आणि चार लहान दुकानदारांचे. त्यांपैकी एकजण पुढे माझ्याच गोदामात दिवाणजी म्हणून राहिला. त्याने मला कधी दोष दिला नाही; परंतु त्याच्याकडून वही घेताना माझी मान खाली जात असे.

त्या दिवशी आम्हापुढे दोनच प्रस्ताव होते: मदत करावी, आणि करू नये. मालकाने गोदाम लिहून द्यावे, कारभारातून दूर व्हावे, शेतकऱ्यांची देणी आधी भागवावीत आणि मगच उचल मिळावी, असा तिसरा प्रस्ताव कोणी मांडला नाही. मीही मांडला नाही. अनेकान्ताची शिकवण ज्यांच्या घरात आहे, त्यांना हा तिसरा पक्ष सुचू नये, याचे आज वैषम्य वाटते. अमेरिकेतील सेनेटरांना आणि त्यांच्या मतदारांना ज्या पेचाने भांडविले, तोही मला हाच दिसतो. बाजार वाचविणे एक, आणि दोषी माणसास सोडविणे दुसरे. या दोन गोष्टी ज्या कारभाऱ्याने मत देण्यापूर्वीच वेगळ्या केल्या आणि ते लोकांना स्वतः जाऊन समजावले, तो कदाचित निवडणूक हरेलही. परंतु वही घेताना त्याला मान खाली घालावी लागणार नाही.

आपल्या संघाच्या, पतसंस्थांच्या व बाजार समित्यांच्या कारभारात असे प्रसंग पुढेही येतील. त्या वेळी आपल्या तरुण सभासदांनी ही हकीकत आठवावी, एवढीच विनंती. इत्यलम्.