सैन्यभरतीचे मैदान आणि शरीराची तयारी

सुमारे एक मैल, म्हणजे १.६ किलोमीटर, साडेपाच मिनिटांत धावायचे; एवढेच सांगितले तर घरी बसून ऐकणारास त्यात विशेष काही वाटत नाही. पण हिशेब मांडून पाहावा. ४०० मीटरच्या मैदानाला चार फेऱ्या, आणि प्रत्येक फेरी सरासरी साडेब्याऐंशी सेकंदांत! आमच्यापैकी किती जणांना एक तरी फेरी या वेगाने पुरी करता येईल, याचा विचार श्रोत्यांनी आपापल्या मनाशीच करावा. भूदलाच्या अग्निवीर भरतीत, सर्वसाधारण शिपायाच्या जागेसाठी, शारीरिक चाचणीच्या १०० गुणांपैकी ६० गुण या धावण्याला आहेत. साडेपाच मिनिटांच्या आत येणारास ते पूर्ण मिळतात. एका सेकंदाने चुकला की ४८. उरलेले ४० गुण बीमचे. दहा पुलअप्स काढणारास ४०, नवावर हात सुटला तर ३३. नऊ फुटांचा खड्डा ओलांडणे आणि वाकड्यातिकड्या पट्टीवरून तोल सांभाळीत चालणे यांना गुण नाहीत, मात्र ती जमलीच पाहिजेत. जाहिरातीगणिक बारकावे बदलतात, तेव्हा मूळ जाहिरात स्वतः वाचावी, कट्ट्यावरच्या माहितीवर विसंबू नये.

२०२३ पासून या भरतीत लेखी परीक्षा आधी आणि मैदान नंतर असा क्रम झाला आहे. त्याचा एक परिणाम असा की, पुष्कळ मुले निकाल लागेपर्यंत पुस्तकात डोके घालून बसतात आणि नाव यादीत आले की दुसऱ्या दिवशी पहाटे चारला डांबरी रस्त्यावर धावू लागतात. हाताशी काही आठवडे असतात. या घाईतच सगळा घात आहे, असे आमचे मत आहे.

कारण शरीराचे सगळे भाग एकाच गतीने तयार होत नाहीत. नियमाने धावू लागले की चारसहा आठवड्यांत दम वाढतो, मांड्या-पोटऱ्यांत बळ येते, मुलाला हुरूप वाटतो. पण हाड फार सावकाश बदलते. नवा भार पडला म्हणजे ते आधी जुना भाग झिजवते आणि मग त्या जागी नवा, अधिक मजबूत भाग बांधते. या कामाला तीनचार महिने सहज लागतात. मधल्या काळात ते उलट काहीसे नाजूकच असते. नेमक्या याच वेळी दम वाढलेला मुलगा अंतर दुप्पट करतो आणि नडगी दुखू लागते. तेल चोळून, पट्टी बांधून तो तसाच धावतो आणि एके दिवशी हाडाला बारीक तडा जातो. हा प्रकार नवा नव्हे. १८५५ साली प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहॉप्ट नावाच्या डॉक्टरने, लांब कूच करून आलेल्या शिपायांचे पाय सुजतात व दुखतात, अशी नोंद केली. क्ष-किरण १८९५ साली सापडले आणि त्यानंतर उलगडा झाला की, ही नुसती सूज नसून पायाच्या हाडाला गेलेला तडा आहे. नडगीवर बोटाने दाबले असता एकाच ठिकाणी कळ येत असेल तर धावणे थांबवून डॉक्टरकडे जावे, हे प्रत्येक घरात माहीत असावयास हवे.

तेव्हा तयारीला सहा महिने तरी द्यावेत. आठवड्यातून चारपाच दिवस धावावे आणि त्यांतले बहुतेक धावणे असे असावे की शेजारच्या सोबत्याशी बोलता येईल. मुलांना हे पटत नाही; धाप लागली नाही तर व्यायाम झालाच नाही असे त्यांस वाटते. पण मैलभराच्या शर्यतीत लागणारी बहुतांश शक्ती श्वासातून घेतलेल्या प्राणवायूवरच निर्माण होते, आणि तो पाया संथ धावण्यानेच बसतो. वेगाचा सराव आठवड्यातून एकदोनदा, तोही पाया झाल्यावर: ४०० मीटर ८० सेकंदांत, मग दोनतीन मिनिटे चालणे, पुन्हा ४००. डांबरापेक्षा मातीचे मैदान केव्हाही चांगले.

बीमच्या बाबतीत तालमीतल्या मुलांची गंमत होते. दोनशे जोर मारणारा गडी बीमला लटकला की तिसऱ्यालाच पाय झाडू लागतो. जोरात शरीर लोटायचे असते, बीमवर ओढायचे, स्नायू निराळे. दोरीचा मल्लखांब केलेल्या मुलास हे सोपे जाते. इतरांनी स्टुलावर चढून हनुवटी बीमच्या वर न्यावी आणि पाच अंक मोजीत सावकाश खाली यावे. असे रोज थोडे थोडे केले की पहिली खरी पुलअप आपोआप निघते.

खाण्याविषयी थोडेच सांगतो. भाकरी, डाळ, उसळ, शेंगदाणे, दूध, चालत असेल तर अंडी, एवढे पोटभर मिळाले तर महागड्या पावडरीचा डबा नको. दम वाढविणारी म्हणून जी गोळी वा इंजेक्शन कोणी देईल ते मात्र विषासमान मानावे. ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये झारखंडात अबकारी शिपायांच्या भरतीत तासाभरात दहा किलोमीटर धावताना व त्यानंतर दहाहून अधिक तरुण दगावले. कारणांविषयी वाद झाला, पण उष्मा किती घातक असतो हे शरीरशास्त्र स्पष्टच सांगते. उन्हाची सवय व्हावयास दहा ते चौदा दिवस लागतात. धावणारा अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर त्यास धीर देत पळवू नये. सावलीत आडवा करून अंगावर भरपूर गार पाणी ओतावे आणि दवाखान्यात न्यावे.

आणि एक गोष्ट, जी खरे तर सर्वांच्या आधी करावयाची. ओला पाय फरशीवर टेकवून ठसा पाहावा. तळव्याच्या आतली कमान उमटते की सगळा तळवा सपाट उमटतो? सरळ उभे राहिले असता गुडघे एकमेकांस घासतात काय? रंग नीट ओळखता येतात काय? कानात मळ आहे काय? मळ काढता येतो. रंगांधत्वावर औषध नाही. दोन वर्षे धावून, मैदान मारून, शेवटी वैद्यकीय तपासणीत सपाट पावलांमुळे परत आलेला मुलगा घरी काय सांगणार? वयाची मर्यादा तर कोणासाठी थांबत नाही. चांगल्या डॉक्टरकडून पहिल्याच महिन्यात तपासून घेतले, तर दुसरी वाट धरावयास वेळ उरतो.

आता आपणा गावकऱ्यांचा भाग. इंग्लंडात बोअर युद्धाच्या वेळी, १८९९ ते १९०२ या काळात, शहरांतून भरतीला आलेले इतके तरुण अपात्र ठरले की सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. १९०४ साली तिचा अहवाल आला आणि १९०६ साली शाळेतल्या गरीब मुलांना जेवण देण्याचा कायदा झाला. म्हणजे अठराव्या वर्षीच्या छातीचे माप सातव्या वर्षीच्या ताटात ठरते, हे त्यांनी ओळखले. आपल्याकडे इतके दूर जावयास नको. भरतीच्या आदल्या रात्री परगावची मुले येतात आणि स्थानकाच्या फलाटावर, पुलाखाली, पदपथावर वर्तमानपत्र पसरून झोपतात. महिनोन्‌महिने घोटलेली तयारी डासांत आणि उपाशीपोटी एका रात्रीत निम्मी होते. शाळेच्या चार खोल्या, पिण्याचे पाणी, पहाटे केळी आणि चहा, एवढी व्यवस्था कोणत्याही मंडळास एका बैठकीत करता येईल. भरतीच्या तारखा आधी जाहीर होतात.